राजाला उतरविण्याचा अधिकार कोणाचा ?

ज्याला आपण होऊन वडील मानलें, ज्याच्यापुढें मान लवविली, त्याला त्या जागेवरून दूर करण्याचा अधिकार आपणांस पोहोंचतो काय, हा प्रश्न मोठ्या राज्यांत उठतो तसा लहानशा खेड्यांतही उठतो. गांवचा पुढारी जुलमी निघाला, पंचांतील एखादा लांच खाऊं लागला, मंडळीचा वडील व्यसनांत बुडाला, म्हणजे लोक पारावर बसून हळू आवाजांत बोलूं लागतात. कोणी म्हणतो, त्याला काढून टाका. कोणी म्हणतो, देवानें ज्याला बसविलें त्याला उठविणारे आपण कोण ? दोघांचेंही बोलणें ऐकतांना खरें वाटतें, आणि म्हणूनच प्रश्न अवघड आहे. वाचकहो, या प्रश्नाचा विचार करण्यासाठीं आज आम्ही आपल्याच मुलुखांतील एक जुनी गोष्ट सांगतों, व तिच्या जोडीला दूर जर्मन देशांतील एका लहानशा नगराची गोष्ट ठेवितों. दोन्ही सुमारें हजार वर्षांपूर्वींच्या आहेत. परंतु माणसाचें मन हजार वर्षांत फारसें बदललें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

लातूरच्या आडत बाजारांत तूर व सोयाबीन घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यास, आपण ज्या नगरांत उभे आहों त्याचें नांव एके काळीं बादशाही थाटानें घेतलें जात होतें, हें सहसा ठाऊक नसतें. इ. स. ७५३ च्या सुमारास दंतिदुर्ग नांवाच्या पुरुषानें बदामीच्या चालुक्यांची सत्ता मोडून राष्ट्रकूटांचें राज्य स्थापिलें. वेरूळचें कैलास लेणें याच घराण्यांतील कृष्ण पहिला याच्या कारकीर्दींतलें. या घराण्यांतील राजे आपणांस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’, म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी, असें म्हणवीत, इ. स. ८६६ च्या शिलालेखांत ही पदवी आढळते. लट्टलूर म्हणजे आपलें लातूर, असें बहुतेक इतिहासकार मानतात. मौजेची गोष्ट अशी कीं, राज्य भरभराटीस आलें तेव्हां त्यांची राजधानी लातुरास नव्हती. ती मान्यखेटास, म्हणजे आजच्या कर्नाटकांतील मालखेड येथें होती. परमुलुखांत स्थायिक झालेला मनुष्य आपल्या मूळ गांवाचें नांव आडनांवांत बाळगतो, तसाच कांहींसा हा प्रकार होता. नांदेड जिल्ह्यांतील कंधार हें त्यांचें दुसरें आवडतें ठिकाण. तेथील जगत्तुंग तलावाचा उल्लेख कंधारच्या राष्ट्रकूटकालीन शिलालेखांत ‘जगत्तुंग समुद्र’ या नांवानें झाला आहे, आणि त्या काळच्या प्रचंड क्षेत्रपाल मूर्तीचे अवशेषही तेथें सांपडले आहेत. असो. आपणांस येथें देवळें व तलाव मोजावयाचे नाहींत.

या घराण्यांत राज्याभिषेकाला ‘पट्टबंध’ म्हणत. राजाच्या कपाळीं सोन्याचा पट्ट बांधीत, म्हणून हें नांव. हा विधि नेहमीं राजधानींतच होई असें नाहीं. राजा कधीं कधीं मोठ्या लवाजम्यासह नदीकांठच्या एखाद्या गांवीं जाई आणि तेथें मांडलिक राजे, सेनापति, पंडित यांची सभा भरे. इ. स. ९३० सालीं गोविंद चौथा हा राजा आपल्या पट्टबंधासाठीं मान्यखेटाहून निघून गोदावरीच्या कांठीं कपित्थक नांवाच्या गांवीं आला. खंबायत येथें सांपडलेल्या त्याच्या ताम्रपटांत त्या उत्सवाचें वर्णन आहे. राजा तराजूच्या एका पारड्यांत बसला व दुसऱ्या पारड्यांत सोनें घालून त्याची तुला झाली. त्यानें ब्राह्मणांस ६०० अग्रहार व तीन लक्ष सुवर्ण नाणीं दिलीं आणि देवालयांस ८०० गांवें दिलीं, असा आंकडा त्यांत कोरला आहे. आंकड्यांत कवीची अतिशयोक्ति किती हें आतां कोण सांगणार ? परंतु गांवें दिलीं याचा अर्थ लक्षांत घ्यावा. गांव देणें म्हणजे त्या गांवच्या कुणब्याच्या खळ्यांतला राजभाग यापुढें कोणाच्या घरीं जावयाचा तें ठरविणें. आठशें गांवांतल्या लोकांना त्या दिवशीं आपला धनी बदलला हें कोणी विचारलें नाहीं. फार तर मागाहून सांगितलें.

त्याच ताम्रपटांत एक चमत्कारिक श्लोक आहे. राजाची स्तुति करितांना कवि म्हणतो कीं, सामर्थ्य असूनही यानें आपल्या वडील भावाशीं क्रूरपणा केला नाहीं, आप्तांच्या स्त्रियांसंबंधीं दुर्वर्तन करून अपकीर्ति मिळविली नाहीं, आणि शुचि-अशुचीचा विधिनिषेध सोडून पिशाचासारखें आचरण केलें नाहीं. वाचकांनीं क्षणभर थांबून विचार करावा. एखाद्या पाहुण्याची ओळख करून देतांना, ‘यांनीं कधीं चोरी केली नाहीं’ असें कोणी म्हणालें तर ऐकणाऱ्याच्या मनांत काय येईल ? गोविंदाचा वडील भाऊ अमोघवर्ष दुसरा हा गादीवर बसून अल्प काळांतच वारला होता. लोकांत कुजबूज असल्याशिवाय असा श्लोक तांब्यावर कोरण्याची गरज पडली नसती, असें आम्हांस वाटतें. मात्र कुजबूज होती एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. अपराध झाला होता हें सिद्ध होत नाहीं. या दोहोंतील अंतर न ओळखल्यामुळें गांवोगांव किती संसार बुडाले आहेत !

पुढें पांच-सहा वर्षांतच गोविंदाचें राज्य गेलें. गादीवर त्याचा चुलता बद्दिग हा अमोघवर्ष तिसरा या नांवानें बसला. तो वयानें प्रौढ होता, व त्रिपुरीच्या कलचुरी राजांचा जांवई होता. त्याच्या मागून त्याचा मुलगा कृष्ण तिसरा राजा झाला. कृष्णानें इ. स. ९४० मध्यें दिलेला एक ताम्रपट वर्ध्याजवळ देवळी येथें सांपडला आहे. त्यांत झालेल्या प्रकाराची हकीकत आहे ती अशी : गोविंद स्त्रियांच्या नादीं लागला, त्याची बुद्धि त्या पाशांत अडकली, वाईट मार्गानें गेल्यामुळें सर्व लोक त्याला विन्मुख झाले व तो नाश पावला, तेव्हां रट्टांच्या राज्याचें वैभव टिकावें म्हणून सामंतांनीं, म्हणजे मांडलिक राजांनीं, बद्दिगास प्रार्थना केली, शिवाय देवाचीही प्रेरणा झाली, आणि मग तो सिंहासनावर बसला.

या मजकुरांतील शब्दयोजना विचार करण्यासारखी आहे. कवीनें दोष, प्रकृति, अंग आणि क्षय हे चार शब्द दुहेरी अर्थानें वापरले आहेत. वैद्याच्या भाषेंत वात-पित्तादि दोष कोपले म्हणजे प्रकृति बिघडते, अंगें शिथिल होतात आणि रोग्यास क्षय लागतो. राजनीतीच्या भाषेंत राजाचे दुर्गुण वाढले म्हणजे प्रकृति, अर्थात् अमात्य व प्रजा, विरुद्ध जाते, राज्याचीं अंगें ढिलीं पडतात आणि राज्याचा क्षय होतो. आज आपण एकमेकांस ‘प्रकृति कशी आहे ?’ असें विचारतों तेव्हां हा जुना अर्थ आपल्या ध्यानांतही नसतो. राजाची प्रकृति म्हणजे त्याची प्रजा, हा विचार मोठा सुंदर आहे. पोट दुखत असतां मनुष्य पोटावर रागावत नाहीं. दुखण्यानें कांहीं सांगितलें आहे असें समजून पथ्य करितो. जो राजा प्रजेच्या कण्हण्याला बंड समजतो, तो आपल्याच पोटावर काठी चालवितो.

तथापि हा ताम्रपट कोणी लिहविला ? बद्दिगाच्या मुलानें. ज्याच्या बापाला गादी मिळाली त्यानें गादी गमावणाऱ्याचें चरित्र लिहविलें. दहा वर्षांच्या अंतरानें दोन ताम्रपट : एक म्हणतो, गोविंद दानशूर व निष्कलंक, दुसरा म्हणतो, गोविंद विषयलंपट व प्रजेचा शत्रु. पहिला त्याच्या अन्नावरच्या कवीचा, दुसरा त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या अन्नावरच्या कवीचा. तांब्यावर कोरलेलें खोटें तांब्यामुळें खरें होत नाहीं. खोटी साक्ष देऊं नको ही आज्ञा गरीबांनाच पाठ करावयास लावितात. तिची खरी गरज कोरणाऱ्याच्या छिन्नीला अधिक असते.

एक तिसरी साक्ष मात्र आहे, आणि ती आपल्या शेजारची आहे. बिलोलीकडून मांजरा ओलांडून पलीकडे गेलें कीं बोधन लागतें. तेथें पूर्वीं चालुक्यांच्या एका शाखेचें ठाणें होतें. त्यांतील एक राजा बोधनास आपल्या पांचशें हत्तींना तेलाच्या हौदांत न्हाऊं घालीत असे अशी आख्यायिका आहे. (त्या तेलासाठीं किती घाणे फिरले असतील हें आख्यायिका सांगत नाहीं.) पुढें हें घराणें वेमुलवाड्यास गेलें. गोविंदाच्या काळीं तेथें अरिकेसरी दुसरा हा सामंत राज्य करीत होता, व राष्ट्रकूट घराण्यांतील कन्या त्याची राणी होती. त्याच्या पदरीं पंप नांवाचा कानडी कवि होता. त्यानें इ. स. ९४१ मध्यें ‘विक्रमार्जुनविजय’ हें काव्य पुरें केलें. त्यांत अरिकेसरीनें सम्राट् गोविंदाला न जुमानतां, आपणावर विश्वास टाकणाऱ्या बद्दिगाला राज्य मिळवून दिलें, असें सांगितलें आहे. म्हणजे सामंतांची प्रार्थना ही नुसती हात जोडून केलेली प्रार्थना नव्हती. तिच्या मागें तरवार होती. पंपही अरिकेसरीच्या अन्नावरचाच. पण सामंत एकत्र होऊन गोविंदाविरुद्ध उठले ही गोष्ट दोन वेगवेगळ्या घरांतील लेखांत आली आहे, तेव्हां ती खरी मानण्यास हरकत नाहीं.

आतां जर्मन देशाकडे वळूं. मार्टिन लूथर इ. स. १५२१ मध्यें वर्म्स शहरीं बादशहाच्या सभेपुढें उभा राहिला हें आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांस ठाऊक आहे. ती राजसभा कांहीं एकाएकीं निर्माण झाली नव्हती. त्या देशांत शेंकडों वर्षें राजे एका ठिकाणीं स्थिर न राहतां गांवोगांव फिरत, व निरनिराळ्या नगरांत सरदार, बिशप व मांडलिक यांची सभा भरवीत. त्या नगरांपैकीं एक बव्हेरियांतील फोर्खहाइम. रेग्नित्स नदीजवळचें हें लहानसें गांव इ. स. ८०५ मध्यें शार्लमेन बादशहाच्या एका हुकुमांत आढळतें : स्लाव लोकांशीं व्यापार करणाऱ्यांनीं अमुक ठाण्यांच्या पलीकडे जाऊं नये व शस्त्रें विकूं नयेत, असा तो हुकूम होता, आणि फोर्खहाइम हें त्या ठाण्यांतील एक. अशा जकातीच्या नाक्यावर पुढें राजे निवडले गेले. इ. स. ९०० मध्यें तेथें सरदारांनीं लुई नांवाच्या सहा वर्षांच्या मुलाला राजा केलें. तो इ. स. ९११ मध्यें मरण पावला, तेव्हां तेथेंच त्यांनीं कॉनराड या सरदारास निवडलें. कॉनराड त्या जुन्या राजघराण्यांतला नव्हता. गोदावरीकांठीं गोविंदाची तुला होण्याच्या एकोणीस वर्षें आधींची ही गोष्ट आहे.

परंतु आपल्या प्रश्नाशीं निकट संबंध आहे तो इ. स. १०७७ च्या सभेचा. त्या वेळीं हेन्री चौथा हा राजा होता. त्याचें पोप ग्रेगरी सातवा याच्याशीं व आपल्या सरदारांशीं वितुष्ट आलें. पोपानें त्याला बहिष्कृत केलें. जानेवारींत हेन्री आल्प्स पर्वत ओलांडून इटलींत कनोसा येथें गेला व तीन दिवस थंडींत किल्ल्याच्या दाराशीं प्रायश्चित्ताच्या वेषांत उभा राहिला. पोपानें त्याला क्षमा केली. तरीही दोन महिन्यांच्या आंत, मार्च महिन्यांत, सरदार फोर्खहाइम येथें जमले आणि त्यांनीं स्वाबियाचा ड्यूक रुडॉल्फ यास राजा निवडलें. रुडॉल्फ हा हेन्रीचा मेहुणा. अरिकेसरीप्रमाणें तोही राजघराण्याचा सोयराच. निवड होतांना त्यानें कबूल केलें कीं, राज्य हें वारशाची मिळकत नव्हे. राजाचा मुलगासुद्धां योग्य असेल व लोक निवडतील तरच राजा व्हावा. असें वचन हजार वर्षांपूर्वीं उच्चारलें गेलें ही लहान गोष्ट नव्हे. आपला हा मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत वंशपरंपरेच्या राज्याखालीं होता हें ज्यांनीं वडिलांकडून ऐकलें आहे, त्यांना त्या वचनाची किंमत वेगळी सांगावयास नको.

त्या सभेंत हेन्री नव्हता. तो इटलींतच होता. ज्याचा न्याय होत होता त्याची जागा रिकामी होती.

पुढें तीन वर्षें लढाया चालल्या. ऑक्टोबर १०८० मध्यें एल्स्टर नदीच्या कांठीं झालेल्या युद्धांत रुडॉल्फाचा उजवा हात तुटला, व त्या घावांनीं तो मरण पावला. हेन्रीच्या पक्षाचे लोक म्हणाले, ज्या हातानें राजाशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली तोच हात देवानें तोडला. रुडॉल्फाच्या पक्षानें त्याला मेर्सेबुर्गच्या मोठ्या मंदिरांत सन्मानानें पुरलें, त्याच्या थडग्यावर ब्राँझची प्रतिमा बसविली व तिच्यावर तो धर्मासाठीं बळी पडला असें कोरलें. तो वाळलेला हातही तेथें जपून ठेवला आहे. हात एकच, एकाला त्यांत शिक्षा दिसली, दुसऱ्याला बलिदान दिसलें. देवळी व खंबायतच्या ताम्रपटांसारखेंच हें झालें. जय किंवा पराजय पाहून देवाचा निकाल सांगण्याची घाई लोक नेहमींच करितात. ज्याचा हात शाबूत राहिला तो हेन्री तरी पुढें सुखी झाला काय ? त्याच्या स्वतःच्या मुलानें त्याला इ. स. ११०५ मध्यें राज्य सोडावयास लाविलें.

तर मग शपथ घेतलेल्या मनुष्यानें काय करावें ? कांहीं म्हणतात, शपथ ती शपथ. धनी कसाही असो, मोडतां कामा नये. हें म्हणणें आम्हांस अपुरें वाटतें. मांडलिक राजापुढें मान लववितो तेव्हां राजाही कांहीं पत्करतो. एका टोंकाची दोरी नसते. याच राष्ट्रकूट घराण्यांत पूर्वीं अमोघवर्ष पहिला होऊन गेला. त्याच्याविषयीं इ. स. ८७१ च्या संजाण ताम्रपटांत असें आहे कीं, प्रजेवर संकट आलें तेव्हां तें टळावें म्हणून त्यानें आपल्या डाव्या हाताचें बोट कापून देवीला वाहिलें. असा नवस आम्ही करावयास सांगणार नाहीं. परंतु राजा प्रजेसाठीं आपल्या शरीराचा तुकडा देणें लागतो, ही समजूत त्या काळीं होती हें त्यावरून दिसतें. जो धनी आपलें टोंक सोडून देतो, त्यानें दुसऱ्याच्या टोंकाला ओढत राहण्याचा हक्क कोठून आणावा ?

म्हणून सामंत उठले यांत अपराध नव्हता, असें आम्हांस वाटतें. कसे उठले, हा प्रश्न निराळा. पवित्र शास्त्रांतही एका राजसभेची गोष्ट आहे. शलमोनाच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा रहबाम याला राजा करण्यासाठीं सर्व इस्राएल लोक शखेम नगरीं जमले. त्यांनीं पाठीमागून कट केला नाहीं. ते त्याच्या समोर गेले व म्हणाले कीं, तुझ्या बापानें आमच्यावर लादलेलें जड ओझें हलकें कर, म्हणजे आम्ही तुझी सेवा करूं. रहबामानें तीन दिवसांची मुदत मागितली. त्यांनीं ती दिली. त्यानें वृद्धांचा सल्ला टाकून आपल्या वयाच्या सोबत्यांचा सल्ला घेतला व लोकांस उर्मट उत्तर दिलें. मग दहा वंश निघून गेले. गाऱ्हाणें उघड, ज्याच्याविरुद्ध तोच समोर, आणि उत्तरासाठीं मुदत. हीं तीन शखेमाच्या सभेंत होतीं. वर्म्सच्या बादशाही सभेनें लूथरच्या विरुद्ध निकाल दिला, पण त्या सभेनेंही त्याला समोर बोलाविलें, प्रश्न विचारला आणि त्यानें मागितला तेव्हां विचारासाठीं एक दिवस दिला. फोर्खहाइमच्या सभेंत हेन्री नव्हता. गोविंदाला सामंतांनीं कधीं समोर बसवून कांहीं सांगितलें, अशी एक ओळही देवळीच्या ताम्रपटांत नाहीं; आणि सांगितलें असतें तर तें मोठ्या अभिमानानें कोरलें गेलें असतें.

येथें कोणी म्हणेल, जुलमी राजाच्या तोंडावर बोलणारा वांचतो कोठें ? हें खरें आहे, व गरीबानें तोंड उघडलें नाहीं म्हणून त्याला दोष देण्यास आम्ही तयार नाहीं. परंतु सामंत गरीब नव्हते. ज्याच्यापाशीं सैन्य आहे, त्यानें आधीं शब्द वापरून पाहण्याचें धैर्य दाखवावें, एवढी अपेक्षा वाजवी आहे. आणि हेंही लक्षांत ठेवावें कीं, शखेमाहून न्यायानें निघून गेलेल्या दहा वंशांनीं यराबामाला राजा केलें व त्यानें त्यांच्यासाठीं सोन्याचीं वासरें घडविलीं. वाइटाला सोडणें आणि चांगलें निवडणें हीं दोन निरनिराळीं कामें आहेत. पहिल्याच्या उत्साहांत दुसरें राहून जातें.

राष्ट्रकूटांचेंही तेंच झालें. कृष्ण तिसरा पराक्रमी निघाला, त्याचें सैन्य दक्षिणेस दूरवर गेलें. पण सामंतांच्या हातांत राजा बदलण्याची किल्ली आली होती ती कोणी परत घेऊं शकलें नाहीं. कृष्णाच्या मागून इ. स. ९७२ मध्यें माळव्याच्या सीयक परमारानें मान्यखेट लुटलें, आणि पुढच्याच वर्षीं तैलप चालुक्य या राष्ट्रकूटांच्याच एका सामंतानें राज्य घेतलें. त्यानें कोणाची प्रार्थना केली नाहीं; स्वतःच गादीवर बसला. कृष्णाचा नातू इंद्र याला गंग राजानें पुन्हा सिंहासनीं बसविण्याची खटपट केली, ती फुकट गेली. इ. स. ९८२ मध्यें त्या इंद्रानें श्रवणबेळगोळ येथें जैन व्रताप्रमाणें अन्न वर्ज्य करून देह ठेविला. ‘लट्टलूर या श्रेष्ठ नगराचा स्वामी’ म्हणविण्याजोगें त्याच्याजवळ कांहींच उरलें नव्हतें.

एक गोष्ट मात्र आम्हांस या साऱ्याहून अधिक खटकते. सामंतांनीं प्रजेच्या नांवानें राजा बदलला. फोर्खहाइमच्या सरदारांनींही लोकांचें नांव घेतलें. ते लोक सभेंत कोठें होते ? त्या मानानें आपल्या खेड्यांतील जुनी गोतसभा लहान खरी, पण एका बाबतींत तिला अधिक समज होती. पुढें बहामनी काळापासून पेशवाईपर्यंत वतनाचा किंवा शिवेचा तंटा पडला म्हणजे गांवांत गोत जमवीत. पाटील, कुळकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार बसत. वादी-प्रतिवादी समोर असत. निकालाचा महजर लिहीत, आणि त्यावर ज्याला अक्षर येत नसे तो आपल्या धंद्याच्या हत्याराची निशाणी करी. कुणब्याचा नांगर अशा कितीतरी कागदांवर आजही दिसतो. शिवेच्या वादांत महाराची साक्ष वजनदार मानीत, कारण शीव कोठून जाते, कोणता दगड कोणी हालविला, हें त्याच्याइतकें कोणालाच ठाऊक नसे. रात्रंदिवस त्याचीच पावलें तिच्यावर फिरत.

त्या गोतसभेचें फार कौतुक करण्याचें कारण नाहीं. निकाल न लागला तर उकळत्या तेलांत हात घालावयास लावीत. आणि ज्याच्या शब्दावर अख्ख्या गांवाची शीव ठरे त्याला त्याच गांवाच्या वेशीबाहेर राहावें लागे, सभेंत दूर बसावें लागे, पाण्यासाठीं दुसऱ्याच्या हाताकडे पाहावें लागे. त्याची साक्ष शुद्ध होती, पण त्याचा स्पर्श मात्र अशुद्ध मानीत ! ही विसंगति त्या सभेंतील शहाण्या माणसांच्या ध्यानांत कधींच आली नसेल, असें आम्हांस वाटत नाहीं; ध्यानांत येऊनही ती चालू राहिली, हें अधिक दुःखाचें. तथापि ज्याच्यावर निकालाचा भार पडणार त्याला बोलावून विचारावें, ही रीत त्या पारावर होती, आणि गोदावरीकांठच्या सोन्याच्या तराजूपाशीं ती नव्हती.

आजही एखाद्या वडिलाविरुद्ध गाऱ्हाणें येतें तेव्हां चार वजनदार माणसें आदल्या रात्रीं एका घरीं बसून सर्व ठरवितात आणि सकाळीं सभेला फक्त हात वर करावयास सांगतात, असें पुष्कळ ठिकाणीं चालतें. ज्या विधवेचे पैसे त्या वडिलानें बुडविले ती मागच्या भिंतीशीं पदर ओढून बसलेली असते. तिला कोणी उठवून विचारीत नाहीं. वडील दोषी असेल, कदाचित् असेलच. पण उद्यां त्याच चार माणसांनीं निर्दोष मनुष्याला उठवावयाचें ठरविलें, तर सभेला फरक कशावरून कळावा?

देवळीच्या ज्या ताम्रपटांत गोविंदाचे दुर्गुण व सामंतांची प्रार्थना लिहिली आहे, त्याच ताम्रपटांत पुढें नागपूर-नंदिवर्धन प्रांतांतील तालपुरुंषक नांवाचें एक गांव एका ब्राह्मणास दान दिल्याची नोंद आहे. नागपुराचें नांव जुन्या लेखांत प्रथम येतें तें येथें. कृष्णानें हें दान आपला दिवंगत भाऊ जगत्तुंग याच्या पुण्यार्थ दिलें. दान घेणाऱ्याचें नांव आहे, तिथि आहे, गांवाच्या चारी दिशांच्या सीमाही नीट सांगितल्या आहेत. त्या सीमांच्या आंत नांगर धरणाऱ्यांपैकीं एकाचेंही नांव त्यांत नाहीं.